४१ सेकंदांचा फोन

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी चौतीस वर्षांची, माहेर सोलापूरचं, नोकरी आणि संसार पुण्यात, चार वर्षांची मुलगी. वडील, म्हणजे आप्पा, यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त ठेवणारे मिस्त्री होते. चौदा महिन्यांपूर्वी, दिवाळीनंतरच्या एका शनिवारी पहाटे हार्ट अटॅकनं गेले. आदल्या गुरुवारी दुपारी त्यांचा फोन आला होता. तो तिनं "मीटिंगमध्ये आहे, रात्री करते" म्हणून ठेवला आणि रात्री करायचा राहून गेला. आता वर्ष उलटलं तरी रडू येतं, रात्री आप्पांच्या लूनाचा आवाज ऐकू येतो, त्यांचा एक पाना ती पर्समध्ये घेऊन फिरते. घरचे म्हणतात, सावर आता. ती विचारते: मी आजारी आहे का? यातून बाहेर कसं पडू?

मी सोलापुरात तेवीस वर्षं समुपदेशनाचं काम करते. तुला 'तू'च म्हणते, माझी लेक तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे.

तुझे प्रश्न बाजूला ठेवून आधी शेवटून दुसरी ओळ घेते. तू लिहिलंयस, "कधीकधी वाटतं, आपणही आप्पांकडे जावं." आणि लगेच, "असो." मी त्या 'असो'वर थांबले. गेलेल्या माणसाला पुन्हा बघावंसं वाटणं, भेटावंसं वाटणं, हे जवळजवळ सगळ्यांना होतं. पण त्याच वाक्याचा दुसरा अर्थही असतो, म्हणून सरळ विचारते: जीव द्यायचा विचार येतो का? कसा, कधी, असं काही मनात आखलं जातं का? असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारलं की बोलायला वाट होते. उत्तर अर्धंमुर्धं जरी 'हो' असेल, तर हे पुढचं वाचायचं थांब, आज रात्रीच नवऱ्याला सांग, एकटी राहू नकोस आणि १४४१६ वर फोन कर. ती सरकारची टेलिमानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. मग मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घे. उत्तर 'नाही, फक्त भेटावंसं वाटतं' असं असेल, तर पुढे वाच.

आता आजाराचं. 'दीर्घ शोकविकार' हे निदान अलीकडे खरंच आजारांच्या याद्यांमध्ये आलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची नवी यादी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात त्यासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या त्याच वर्षीच्या यादीत मोठ्या माणसांसाठी बारा महिन्यांची. तू चौदा महिन्यांवर आहेस, म्हणून इंटरनेटवर वाचून घाबरलीस. पण कॅलेंडरवरून हे निदान होत नाही. त्यात बघतात ते असं. जवळजवळ रोज, दिवसभर तीच ओढ, आणि तिच्यापायी काम, जेवण, माणसं, सगळं बंद पडलेलं. 'ते गेलेच नाहीत' असं ठाम वाटणं किंवा सगळ्याच भावना गोठून जाणं. आपण कोण हेच हरवल्यासारखं होणं. आणि हे सगळं आपल्या समाजात जेवढं स्वाभाविक मानतात त्याच्या बरंच पलीकडे गेलेलं. दहा जणांत साधारण एकाला असं होतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू कामाला जातेस, पोरीला शाळेत सोडतेस, मंगळवारी डब्याच्या वेळी मैत्रिणीच्या विनोदावर हसलीस आणि मग हसल्याबद्दल बाथरूममध्ये जाऊन रडलीस. पत्रावरून कुणी निदान करू नये, मीही करत नाही. पण या वर्णनात मला आजारापेक्षा बापावर फार जीव असलेली मुलगी जास्त दिसते.

मंगळवारी हसणं आणि बुधवारी हुतात्मा एक्सप्रेसमध्ये कुर्डुवाडीपर्यंत ओढणीत तोंड घालून रडणं, याला तू 'माझं काहीच धड नाही' म्हणतेस. नेदरलँड्समधल्या श्ट्रूबे आणि शुट या दोन संशोधकांनी १९९९ मध्ये नेमकं हेच मांडलं. माणूस एकदा दुःखाकडे जातो, एकदा संसाराकडे, झोक्यासारखा, आणि हे हेलकावे हीच निरोगी चाल असते. एकाच टोकाला झोका अडकला तर काळजी करायची. तू पाच पायऱ्यांचंही विचारलंयस, 'मी कुठल्या पायरीवर अडकले?' त्या पायऱ्या कुब्लर-रॉस बाईंनी १९६९ मध्ये सांगितल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी तो जिना मुळात बांधलेलाच नव्हता. तेव्हा पायऱ्या मोजणं सोड.

लूनाचं एका परिच्छेदात उरकते, कारण त्यात भिण्यासारखं काही नाही. रात्री अकराच्या सुमाराला खाली लूना येऊन थांबल्याचा, स्टँड लावल्याचा आवाज येतो म्हणतेस. वेल्समधले रीस नावाचे एक साधे गावडॉक्टर. त्यांनी १९७१ साली जवळपास तीनशे विधवा-विधुरांशी बोलून लिहिलं की निम्म्यांच्या आसपास लोकांना गेलेला जोडीदार जवळ असल्यासारखा जाणवत होता, काहींना दिसत होता, काहींना ऐकू येत होता. बहुतेकांनी ते आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. लहानपणापासून जो आवाज ऐकून तू दार उघडायला धावलीस, तो कान एवढ्यात कसा विसरेल? आवाज काही करायला सांगू लागला, हुकूम देऊ लागला, तर मात्र डॉक्टरांकडे जा.

आता फोन. खरं तर तुझं सगळं पत्र याच्याभोवतीच फिरतंय.

तू कॉल लॉगचा फोटो काढून ठेवलायस. गुरुवार, दुपारी दोन वाजून सात मिनिटं, ४१ सेकंद. त्यांनी विचारलं, "जेवलीस का?" तू म्हणालीस, "आप्पा, मीटिंगमध्ये आहे, रात्री करते." ते म्हणाले, "बरं बरं, ठेव." चौदा महिने तू या ४१ सेकंदांचा खटला चालवते आहेस. आरोपी तू, वकील तू, न्यायाधीशही तूच. साक्षीदार एकच, तो गुरुवार. मी तुला 'तुझी काही चूक नाही' असं म्हणणार नाही. तुला ते शंभर जणांनी सांगितलंय आणि एकदाही पटलेलं नाही. फोन करायचा राहिला, हे खरं आहे. ते तसंच राहू दे.

पण दुसरे साक्षीदार बोलव. तू बारा वर्षं पुण्यात आहेस आणि आप्पांचा फोन रोज यायचा, असं तूच लिहितेस. हिशेब केला तर चार हजारांच्या वर फोन होतात. त्यांतले किती तू घाईत ठेवलेस? आणि किती वेळा अर्धा अर्धा तास, तोंडात घास असताना, कारखान्यातल्या भांडणांच्या गोष्टी ऐकल्यास? एक कागद घे आणि आठवतील तेवढे फोन लिही. परीक्षेचा निकाल सांगितला तो. पोर झाल्याचं कळवलं तो, तेव्हा पलीकडून नुसता मागांचा खडखडाट ऐकू येत होता आणि ते बोलतच नव्हते. हे मी रचलेलं नाही, तुझ्याच पत्रात आहे. तो कागद भरायला आठवडा लागेल. लागू दे.

आणखी एक गोष्ट तू लिहिलीस आणि तुझं तुलाच कळलं नाही. तिसऱ्या पानावर, आईच्या बीपीच्या गोळ्या आणि भावाची कागदपत्रं यांच्या मधे एकच वाक्य आहे. दहाव्याला कारखान्याबाहेरचा चहावाला भेटून तुला म्हणाला, "जॉबर सारखं सांगायचे बघा, आमची ताई मीटिंगमदी असती, तिला लई कामं असत्यात." तू हे आईच्या गोळ्यांइतक्याच सहज लिहून पुढे गेलीस. मी नाही जाऊ शकले. अग, जन्मभर ज्या माणसाला मालकानं हाक मारली की पाना टाकून पळावं लागलं, त्याची पोरगी 'मीटिंगमध्ये आहे, नंतर करते' असं म्हणू शकते, हे ते चहाच्या टपरीवर कौतुकानं सांगत होते. गुरुवारी दोन वाजून सात मिनिटांनी त्यांनी जे ऐकलं ते तू म्हणतेस तसंच त्यांना लागलं असेल, हे तुला कुणी सांगितलं?

यानं अपराधीपणा जाईल असं नाही. माझ्या अनुभवात तो पूर्ण जात नाही, फक्त त्याच्या शेजारी दुसरंही काही येऊन बसतं आणि खोली एवढी कोंदट वाटत नाही.

पान्याचं तू फार लाजत लिहिलंयस. चौदा-पंधराचा पाना. आईनं तेराव्यानंतर कपडे देऊन टाकले, लूना भावाकडे गेली, तुला हत्यारांच्या पिशवीतला हा एक पाना मिळाला. मॉलच्या दारात मशिननं 'टीं' केलं, सुरक्षारक्षकानं पर्स उघडायला लावली आणि लिपस्टिकच्या बाजूला तेलकट पाना निघाला. तो म्हणाला, "मॅडम, गाडी बंद पडली काय?" आणि तू 'हो' म्हणालीस. मला वाचताना हसू आलं आणि मग नाही आलं.

इथे मला माझी एक चूक सांगायला हवी. २००५ च्या सुमाराला, मी नवीन असताना, एक मुलगी यायची. वडील गेल्यावर रोज त्यांचं ताट वाढायची. मी पुस्तकं वाचून आलेली. फ्रॉइडनं १९१७ साली लिहून ठेवलं होतं की शोकाचं काम म्हणजे गेलेल्या माणसातून जीव हळूहळू काढून घेणं, आणि पुढं कितीतरी वर्षं आम्हाला तेच शिकवलं गेलं. मी तिला सांगितलं, ताट बंद कर, फोटो ट्रंकेत ठेव. तिनं तसं केलं आणि माझ्याकडे यायची बंद झाली. चार-पाच वर्षांनी नवी पेठेत भेटली, म्हणाली, "बाई, तुम्ही मला माझा बाप दुसऱ्यांदा पुरायला लावलात." तोवर मला कळायला लागलं होतं. क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्येच दाखवलं होतं की माणसं गेलेल्यांशी नातं तोडत नाहीत, त्याचं रूप बदलून ते चालू ठेवतात. आणि बहुतेकांना त्यानं त्रास नव्हे, आधार होतो. खुद्द फ्रॉइडची मुलगी सोफी १९२० मध्ये साथीच्या तापानं गेली. नऊ वर्षांनी, एका मित्राचा मुलगा गेला तेव्हा, त्यानं पत्रात कबूल केलं की ही जागा कशानंच भरत नाही, आणि ते तसंच असायला हवं. आपल्या आज्या पितृपक्षात आवडीचा पदार्थ करून पान वाढत होत्या, त्यांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

तेव्हा पाना ठेव. फक्त एक बघ. पाना हातात घेतल्यावर बरं वाटून तू कामाला लागतेस, की तो विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून घरी परततेस? पहिलं असेल तर काही करायचं नाही. दुसरं आठवड्यातून दोन-तीनदा होत असेल, तर कुणाशी तरी समोर बसून बोल. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे त्यांचे आवाजी निरोप आजच दुसरीकडे उतरवून ठेव, लॅपटॉपवर आणि भावाच्या फोनवरही. फोन हरवल्यामुळे आवाज गेला, असं रडणं मी दोनदा बघितलंय, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

आता कावळा. दहाव्याला तासभर कावळा शिवला नाही. तीस-चाळीस माणसं उन्हात उभी. कुणीतरी म्हणालं, "लेकीत जीव अडकलाय." मग आत्यानं तुला पुढं ढकललं आणि तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "आप्पा, काळजी करू नका, आईला मी बघते." आणि कावळा आला. तेव्हापासून तू दर शनिवारी सोलापूरला येतेस, आईच्या गोळ्यांचे डबे भरतेस, रविवारी रात्री परत जातेस आणि नवऱ्याशी भांडतेस.

मी या विधीची चेष्टा करणार नाही. त्यात फार शहाणपण आहे. घरात जे अर्धवट राहिलंय ते कुणीतरी मोठ्यानं बोलेपर्यंत सगळ्यांना उन्हात उभं करायचं, याहून चांगली सोय आम्हा समुपदेशकांनाही सुचलेली नाही. पण दहा दिवस न झोपलेल्या मुलीनं त्या क्षणी दिलेला शब्द आणि त्याचा तू लावलेला अर्थ, या दोन गोष्टी आहेत. 'बघते' म्हणजे दर शनिवारी स्वतः डबे भरणं, असं कावळ्यानं काही सांगितलेलं नाही. महिन्यातून दोनदा ये. मधल्या आठवड्यांत डबे भाऊ भरेल. आणि आईला एकदा विचार तरी, तिला काय हवंय. माझा अंदाज, तिला एखादा शनिवार तू न येता हवा असेल. तिलाही एकटीनं रडायचं असतं. लेक आली की तिला स्वयंपाक करावा लागतो.

भावाचं लवकर आटपते. वर्षश्राद्धाच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं हक्कसोडपत्र पुढं केलं, आत्या म्हणाली, "लेकीनं माहेरचं मागू नये," आणि तू सही न करता निघून आलीस. मी वकील नाही. पण एवढं माहीत असू दे: घर आप्पांनी स्वतः घेतलेलं, मृत्युपत्र नाही, आणि आप्पांची आई हयात नाही असं तू लिहितेस, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं आई, भाऊ आणि तू, तिघांना सारखा हिस्सा. घर वडिलोपार्जित निघालं, तर २००५ च्या दुरुस्तीनं मुलीचा हक्क जन्मानंच मुलाएवढा, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये पक्कं केलं. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं जातं आणि नंतर ते मागे घेणं फार अवघड. 'सही कर' किंवा 'करू नको' असं मी सांगणार नाही. सही केलेल्या आणि सुखात असलेल्या बायका मला माहीत आहेत, याच्या उलटही माहीत आहेत. दु:खाच्या भरात किंवा रागाच्या भरात मात्र करू नकोस. भावाला स्पष्ट सांग, "गुढीपाडव्यानंतर बोलू, आईला घेऊन तिघं बसू." आणि एक गोष्ट ध्यानात घे. त्या शनिवारी पहाटे आप्पांना खांद्यावर घेऊन जिना उतरून रिक्षात घातलं ते त्यानं. त्याच्याकडेही असे ४१ सेकंद असतील, फक्त ते त्याच्या फोनमध्ये नाहीत. तुम्ही दोघं घराच्या कागदांवर बोलताय कारण आप्पांवर बोलायला कुणी सुरुवात करत नाही.

राहता राहिला गड्डा, आपल्या सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा, ती तर आठवड्यावर आलीय. गेल्या वर्षी दुखवटा होता, घरात सण नव्हता, म्हणून यंदाची संक्रांत तुझी खरी पहिली. आप्पा तुला खांद्यावर बसवून सिद्धेश्वराच्या अक्षता सोहळ्याला न्यायचे, तू वरून नंदीध्वज मोजायचीस, सात भरले की त्यांच्या टोपीवर थाप मारायचीस. आणि आता 'जाऊ की नको' विचारतेस. वर्षाचे असे दिवस दुःख मागे ओढतात, हे इतकं ठरलेलं आहे की मी डिसेंबर संपता संपता माझ्या वेळा मोकळ्या ठेवते. या शहरात संक्रांतीला बाप आठवणाऱ्या मुली खूप आहेत. त्या दिवशी तू कोलमडलीस तर 'आपण परत मागे गेलो' असं समजू नकोस.

जायचं असेल तर तयारीनं जा. लवकर जा, जिथं अक्षता पडतात त्या संमती कट्ट्याच्या अगदी जवळ घुसू नका, आईचा गुडघा लक्षात ठेव. तांदूळ घरूनच रुमालात बांधून ने. भावाला आधी विचार, "पोरीला खांद्यावर घेशील का?" तो नाही म्हणाला तर वाद घालू नकोस, पण तो नाही म्हणेल असं मला वाटत नाही. 'दिड्डम दिड्डम'ची आरोळी उठली की रडू येणार, येऊ दे. त्या गर्दीत सगळ्यांचेच हात वर असतात, तुझ्या तोंडाकडे कुणी बघत नाही. अर्ध्या तासात नको झालं तर निघून या आणि घरी कडक भाकरी, शेंगाची चटणी खाऊन झोपा. पुढच्या वर्षी परत गड्डा आहेच.

पाना मात्र त्या दिवशी घरी ठेव. बंदोबस्तातले पोलीस पिशव्या तपासतात, आणि तिथं गाडी बंद पडली म्हणून चालणार नाही.